बर्फाच्या भिंतीतली केबल

मामाने जळलेल्या केबलचा वीतभर तुकडा थेट माझ्या ताटाशेजारी ठेवला आणि म्हणाला, "वास घे गो."

"जेवता ती!" मामी चुलीकडून कडाडली. "पानाकडे वायरी कित्याक हाडल्यात? उद्या आमटीत घालशात!"

मी वास घेतला. केबलवरचं काळं आवरण वितळून आतल्या ॲल्युमिनियमच्या तारांना चिकटलं होतं आणि त्याला जळक्या प्लास्टिकचा उग्र दर्प होता. पण त्या दर्पाखाली आणखी काहीतरी होतं, भाताच्या लाह्या करपल्यासारखं. भुकेल्या पोटी माणसाला काय वाटेल ते वास येतात, असं म्हणून मी तो विचार सोडून दिला आणि भातावर आमटी घेतली.

"तिसऱ्यांदा," मामा म्हणाला. "तीच भिंत, तीच जागा. आणि रविवारी सोसायटीची सभा."

मामा म्हणजे भालचंद्र नाटेकर, वेळणे बंदरातला वायरिंगचा सगळ्यांत जुना ठेकेदार. बंदरातल्या निम्म्या घरांत वीज पोचली ती त्याच्या हातची. माणूस मोठा मानी. त्याच्या कामाला कोणी नावं ठेवली की तो जेवायचा नाही, आणि मामीला ते आवडत नसल्यामुळे त्याच्या कामाला सहसा कोणी नावं ठेवत नसे. मी नुकताच इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा आणि त्यापाठोपाठ सुपरवायझरचं सर्टिफिकेट पदरात पाडून घेतलं होतं. पुण्याच्या एका कंपनीत सोमवारी हजर व्हायचं होतं. मधले दिवस गणपतीच्या निमित्ताने मामाकडे मासे खात काढायचे, एवढाच माझा बेत होता. गणपती गेले आणि मी माशांकडे वळणार, तेवढ्यात ही केबल पानाशेजारी आली.

प्रकरण असं होतं. मच्छीमार सोसायटीचा बंदरावर बर्फाचा कारखाना होता. कॉम्प्रेसरची मोठी मोटर मागच्या खोलीत आणि मीटर पुढच्या खोलीत, त्यामुळे दोन्हींच्या मधून जाड केबल न्यावी लागली होती. ती मामाने निवडली आणि मामानेच टाकली. पहिल्या हंगामात ती जळली, तेव्हा केबलच खराब निघाली म्हणून सगळे गप्प बसले. मामाने तेवढा तुकडा काढून नवा जोडला. दुसऱ्या हंगामात पुन्हा जळली, तेव्हा कुजबुज झाली. आता तिसऱ्यांदा जळली, मामाने पुन्हा तुकडा बदलून कारखाना चालू केला, पण चेअरमन विश्राम तांडेल यांना कंठ फुटला. तांडेलांना तक्रार करायला काही नसलं की त्यांचा दिवस सुना जाई, इथे तर त्यांना घरबसल्या मेजवानी मिळाली होती.

"जाडी कमी पडली म्हणतत," मामा म्हणाला. "पन्नासची केबल व्हयी होती, भालू नाटेकरान पंचवीसची घातल्यान म्हणतत. रविवारी ठराव करतले. माझो परवानो काढून घेवा म्हणून इन्स्पेक्टराक लिवतले."

एवढं बोलून तो उठला. त्याच्या पानात भात तसाच होता, आणि मामीने तो झाकून ठेवला.

दुपारी मी हिशेब मांडून बघितला. केबलची जाडी निवडणं हे तसं सरळ काम आहे. मोटर किती करंट ओढते ते काढायचं, तेवढा करंट कितीची केबल न तापता वाहून नेईल ते तक्त्यात बघायचं, आणि थोडी जास्तीची सोय ठेवायची. ही मोटर पंचावन्न अँपिअरच्या आसपास ओढणार. पंचवीसची, म्हणजे पंचवीस चौरस मिलिमीटरची, केबल हवेत ऐंशी अँपिअरच्या जवळपास सहज नेते. म्हणजे मामाने हात आखडता घेतला नव्हता, उलट सढळ घेतला होता. मग जळत का होती? त्या प्रश्नाने मला असं काही धरलं की मासे राहिले बाजूला.

"मी जाऊन बघू का?" मी विचारलं.

"मी बघलंय ना तीन वेळा," मामा म्हणाला. "तू काय येगळा बघतलंस?" मग जरा थांबून म्हणाला, "जा. टाँग टेस्टर घेवन जा."

कारखाना धक्क्याला लागूनच होता. जुनी चिऱ्याची इमारत, आत शिरल्याबरोबर हाडांत गारवा घुसायचा. मधोमध बर्फाच्या लाद्या साठवायची खोली. तिच्या भिंती दुहेरी होत्या, म्हणजे दोन भिंती उभ्या करून मधल्या हातभर पोकळीत भाताचा भुसा ठासून भरायचा, म्हणजे बाहेरची उष्णता आत येत नाही. जुन्या लोकांची युक्ती, आणि स्वस्तातली. मामाने केबल नेली होती ती याच भिंतीच्या माथ्यावरून, दोन भिंतींच्या मधून, वर फळ्या टाकून. जागा निवडण्यात त्याची अक्कल दिसत होती. खारी हवा लागणार नाही, ऊन लागणार नाही, कोणाचा पाय पडणार नाही. पुढे मशीनच्या खोलीत ती उघड्या भिंतीवरून गेली होती, आणि तिथे तिला कधीच काही झालं नव्हतं.

लाद्यांच्या खोलीवर राज्य होतं जयवंतीकाकी कुबल यांचं. काकी म्हणजे आडव्या बांध्याची, डोक्याला टॉवेल गुंडाळलेली आणि आवाज असा की समुद्रातल्या होडीला धक्क्यावरून हाक ऐकू जावी. लाद्या मोजून घेणं, लावणं, वितळू न देणं आणि भिंतीत भुसा भरणं, हे सगळं काम तिचं. ते तिच्या सासूकडून तिच्याकडे आलं होतं, आणि त्यात कोणी नाक खुपसलेलं तिला खपत नसे.

मी टाँग टेस्टरचा जबडा भिंतीबाहेर आलेल्या केबलच्या एका तारेभोवती अडकवला तशी ती जवळ येऊन उभी राहिली.

"हो चिमटो वायरीक लावून काय कळता?"

"किती वीज जाते ते."

"किती जाता मग?"

"जेवढी जायला हवी तेवढीच."

"मग जळता कित्याक?"

"तेच तर कळत नाही, काकी."

"मग तुझो चिमटो खोटो," काकी म्हणाली आणि विषय संपवला.

चिमटा खोटा नव्हता. चौपन्न अँपिअर दाखवत होता. व्होल्टेज व्यवस्थित होतं. जोडाचे बोल्ट घट्ट होते. मोटर नीट फिरत होती. एखादा जोड सैल निघेल एवढीच मला आशा होती, तीही गेली. मी म्हटलं, "उंदीर कुरतडत असतील का?"

ही मात्र माझी चूक झाली.

"माझ्या भिंतीत उंदीर?" काकीचा आवाज छपराला लागला. "हयसर उंदीर येवन दाखवा म्हणावा! तां मांजर कित्याक ठेवलंय मी?"

तिने बोट केलं तिकडे मी बघितलं. भिंतीच्या माथ्यावर, फळीवर एक पिवळं मांजर झोपलं होतं. मी पुन्हा चिमट्याकडे वळले, आणि मग परत वर बघितलं. काहीतरी चुकत होतं. मांजर थंडीत झोपतं तेव्हा नाक शेपटीत खुपसून अंगाची गुंडाळी करतं. मी स्वतः एक हात बगलेत धरून उभी होते, आणि हे मांजर चारी पाय ताणून, पोट वर करून उताणं पडलं होतं.

"काकी, ते तिथेच झोपतं का?"

"थयच."

"पावसाळ्यातसुद्धा?"

"पावसात नाय. तेव्हा कारखानो बंद, तां माझ्या चुलीकडे रवता. हंगाम सुरू झालो की आठवड्याभरान थय चढता." काकीने खांदे उडवले. "थयचो भुसो ऊन लागता तेका."

"भुसा ऊन लागतो? बर्फाच्या भिंतीतला?"

"मग? हात लावून बघ."

मी शिडी लावली. मांजराने एक डोळा उघडला, मला अडाणी ठरवलं आणि जांभई देऊन बाजूला सरकलं. फळी उचलली. खाली भुसा काठोकाठ, सपाट, बोट घालायला जागा नाही असा. केबल कुठे दिसतच नव्हती. मी त्यात हात घातला. वर कोमट. मनगटापर्यंत घातला, तर चुलीपाशी ठेवलेल्या पाटासारखं लागलं. कोपरापर्यंत घातला आणि बोटं केबलला टेकली, तशी मी "आई ग" म्हणून हात ओढून घेतला. बोटांना वास येत होता, करपलेल्या लाह्यांचा.

मी शिडीवरूनच खाली वाकले.

"काकी, ही केबल भुशात बुडवली कोणी?"

"बुडवली काय म्हणतंस? मी भरलंय. भुसो दर वर्षी खाली बसता, हातभर पोकळी पडता. श्रावणात मी वरून भरतंय. वायरीची दुरुस्ती करूक भुसो उपसतत, ती मेली माणसा तसाच टाकून जातत, मग पुना मी भरतंय. पोकळी ठेवली तर बर्फाचा पाणी होतला!"

आता सगळं लख्ख दिसलं. मामाने पहिल्यांदा केबल टाकली ती मे महिन्यात. भुसा वर्षभराचा बसलेला, भिंतीच्या माथ्यावर हातभर मोकळी हवा. त्याने हवेतली केबल निवडली. श्रावणात काकीने तिच्यावर भुसा दाबून भरला. बर्फात बाहेरची उष्णता न जाऊ देणारा भुसा केबलची उष्णता तरी बाहेर कशाला जाऊ देईल? ती आतल्या आत तापत राहिली आणि जळली. आणि जळाल्यावर मामाला बोलावलं, तेव्हा दुरुस्तीसाठी भुसा आधीच उपसलेला असायचा. तो यायचा तेव्हा त्याला प्रत्येक वेळी हवाच दिसायची.

मी धावतच घरी गेले आणि मामाला घेऊन आले. वाटेत मी बोलत होते आणि तो ऐकत होता. शिडीवर चढून त्यानेही हात घातला. बराच वेळ हात तसाच आत ठेवला, मला तर वाटलं भाजून घेतो की काय. मग तो हळूच केबललाच म्हणाला, "गोधडी पांघरून धावूक लावलंय गो तुका."

"मामा, तू सुटलास!" मी म्हटलं. "तक्त्यात हवेचा रकाना असतो, जमिनीचा असतो, पाइपाचा असतो. भुशाचा कुठे असतो? तू निवडलेली जाडी बरोबर होती. भुसा नंतर पडला. आता तांडेल काय बोलतात तेच बघते."

शिडीवरून उतरून मामाने काकीला एकच विचारलं, "दर वर्षी भरतंस?"

"भरूक नको?" काकी म्हणाली.

रविवारी सभा लिलावाच्या शेडमध्ये भरली. मामाने मला बोलायला सांगितलं. एकदा सुरू झाल्यावर मजा वाटायला लागली. मी मोटरचा करंट सांगितला, केबलची ताकद सांगितली, भुशाचं सांगितलं, मांजराचंही सांगितलं. मांजराला लोक हसले, आणि हसता हसता माना डोलवायला लागले. मामाच्या बरोबरीचे दोघे-तिघे त्याच्याकडे बघून हसले. मला पुण्याची नोकरी, कंपनी, सगळं त्या क्षणी फिकं वाटलं. मी माझ्या मामाची अब्रू परत आणली होती.

तांडेल चेअरमन उठले. त्यांची तक्रार हातची गेली होती, आणि त्यांना दुसरी शोधायला फार वेळ लागला नाही.

"म्हणजे नाटेकरची चूक नाय," ते म्हणाले. "वायर बरोबर होती. तिच्यार भुसो घातल्यान तेची चूक." ते दाराकडे वळले. "जयवंती! वायर आसा तां दिसूक नाय तुका? कारखानो पेटलो असतो तर? अमोनियाचो पाइप फुटलो असतो तर? कोणी जबाबदार?"

काकी दारात उभी होती. तिचा तो आवाज कुठे गेला कोण जाणे. "माका कोणी सांगूक नाय," ती म्हणाली, आणि तेही दुसऱ्या रांगेपर्यंत पोचलं नाही.

"सांगूक कित्याक व्हया? तुका डोळे नाय?" मागून कोणीतरी ओरडलं. दुसरा म्हणाला, "काढून टाका तिका, दुसरी बाई ठेवा." बघता बघता सगळी सभा तिच्यावर उलटली. मी तोंड उघडं टाकून बघत बसले. हे माझ्या भाषणातून निघालं होतं, आणि मी असलं काही म्हटलंच नव्हतं.

मामा उभा राहिला.

"थांबा रे," तो म्हणाला. "माझ्या भाचीन सांगितल्यान तां खरा आसा, पण अर्धा. बर्फाच्या कारखान्यात भिंत पोकळ कोण ठेवतलो? पोकळ दिसली तर ती कोणीतरी भरतलोच. ती कोण भरता, कधी भरता, ह्यां मी विचारूक व्हया होता. जयवंती थयच उभी होती, वायर घातलंय त्या दिवशी मी मागलंय तसा तिना पाणी पण दिल्यान. तिका विचारलंय असतंय तर तिना सांगितल्यान असता. मी विचारूक नाय. हवा दिसली, हवेचो आकडो घेतलंय. वायर मी निवडलंय, जागा पण मीच निवडलंय. चूक माझी."

"नाटेकर," तांडेल म्हणाले, "भाची तुका सोडवता, आणि तू परत येवन अडकतंस? ठराव करूचो लागतलो."

"करा," मामा म्हणाला. "पण तिका कामावरून काढूचा नाय. तिना आपला काम चोख केल्यान."

ठराव झाला. इन्स्पेक्टराकडे तक्रार गेली आणि तो सबंध हंगाम मामाचा परवाना अडकून राहिला. बंदरातल्या प्रत्येक कामाच्या कागदावर त्याच्याऐवजी दुसऱ्या कोणाची तरी सही लागली, आणि सर्टिफिकेट असलेलं माणूस घरात एकच होतं. सोमवारची पुण्याची गाडी माझ्याशिवाय गेली. त्यानंतरच्याही बऱ्याच गाड्या गेल्या. पण हे सगळं पुढचं. त्या दिवशी सभेतून बाहेर पडताना माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

"मामा, तू कशाला बोललास? तुला काय गरज होती?" मी रस्त्यातच थांबले. "सगळं नीट झालं होतं!"

"कोणाचा नीट झाला होता?" मामा म्हणाला.

मी फणफणत त्याच्या मागून चालत राहिले. तो घराकडे न वळता कारखान्याकडे वळला. काकी आमच्या आधीच तिथे पोचली होती आणि पायरीवर बसून टॉवेलाने डोळे पुसत होती. आम्हाला बघून तिने टॉवेल झटकन डोक्याला गुंडाळला.

"भाऊ," ती म्हणाली, "भुसो खंय भरूचो नाय तां सांगा. मी नाय भरूचंय."

"तू भर," मामा म्हणाला. "सगळी भिंत भर, बोटभर जागा ठेव नको. माका सांग, मी वायर खंय घालू?"

काकीने त्याच्याकडे अविश्वासाने बघितलं. त्याची चेष्टा करायची सवय बंदराला ठाऊक होती. पण तो चेष्टा करत नव्हता. मग ती उठली, आणि आम्ही तिच्या मागून इमारतीला फेरी घालायला लागलो. पुढच्या बाजूने नको, तिथे लाद्या ओढताना आपटतात. धक्क्याच्या बाजूने नको, भरतीच्या वाऱ्याला खारं पाणी उडतं. मागच्या कोपऱ्यात पागोळी पडते. बोलता बोलता तिचा आवाज पुन्हा जागेवर आला. शेवटी पश्चिमेच्या आंधळ्या भिंतीपाशी ती थांबली आणि तिने छपराच्या खाली हात उंचावला. "हयसून न्हेवा. हयसर कोण येणा नाय."

मामाने भिंत निरखली, टेपचं टोक माझ्या हातात दिलं आणि स्वतः मागे सरकला. "सही तुझी लागतली आता," तो म्हणाला. "सांग, केवढ्या जाडीची घालू?"

आकडा माझ्या जिभेवर तयार होता. लांबी डोळ्यांसमोर होती, करंट ठाऊक होता, उघडी भिंत, हवेचा रकाना. मी तोंड उघडलं, आणि माझा हात आपोआप चिऱ्यावर टेकला. सूर्य वर असतानाच तो चिरा तव्यासारखा तापायला लागला होता.

मी आकडा गिळला.

"काकी," मी विचारलं, "ह्या भिंतीवर ऊन कधी येतं आणि कधी जातं?"

मामा पायरीवर जाऊन बसला. काकीने पदर कमरेला खोचला आणि वैशाखापासून सांगायला सुरुवात केली.